रोवेनाच्या आधी ट्रेलर आणायचा होता

रोवेनाबद्दल वाईट बोलणारं आमच्या गावात कुणी नाही. मी शोधून पाहिलंय.

ती माझी मावसबहीण, पाच वर्षांनी मोठी. काम काय करते, तर ट्रेलर ओढते. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, टेबल, सगळं असतं. ट्रकच्या मागं जोडायची आणि न्यायची. दक्षिणेकडची म्हातारी नवराबायको दर उन्हाळ्यात अशी खोली घेऊन कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या आमच्या डेम्प्स्टर रस्त्यावर चढतात. साडेपाचशे किलोमीटर खडी, मध्ये एकच पेट्रोल पंप. पाटीच्या दगडाची खडी ती, सुरीसारखी टायर कापते. पंपापर्यंत पोचता पोचता दोन टायर गेलेले असतात, बाई पायरीवर बसून रडत असते आणि नवरा नकाशा उलटासुलटा करत असतो. मग पंपावरून रोवेनाला फोन जातो. ती येते, डोक्यावर तीच मळकी निळी टोपी, ट्रेलरला एक चक्कर मारते आणि म्हणते, "बसा माझ्याबरोबर. वाटेत अस्वल दिसलं तर पैसे जास्त नाही घेणार."

हा एकच विनोद. बावीस वर्षांची असताना सुचला, आता छप्पन्नची झाली. लोक अजून हसतात.

तिचा बाप हा रस्ता बांधायला होता. आई, म्हणजे माझी मावशी, लवकर गेली. नवरा दक्षिणेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. रोवेना यावर काही बोलत नाही. ती कशावरच काही बोलत नाही. लोकांना वाटतं, किती खोल बाई आहे. मी तिच्याबरोबर एका अंथरुणात लहानाची मोठी झालेय. बऱ्याचदा तिच्या डोक्यात खरोखरच काही नसतं.

आणि मी बर्निस. शाळा आठवीत सुटली, कायदे मी स्वतः वाचून शिकले, शब्दकोश मांडीवर घेऊन. रस्त्याची खडी सपाट करणारा ग्रेडर आठवड्यातून दोनदा फिरतो तो माझ्या तीन वर्षांच्या भांडणामुळं. नर्स महिनाभर राहते ती माझ्या अर्जांमुळं. डोंगराच्या खिंडीतला बोर्ड, वळणावरचे कठडे, सगळ्याखाली माझ्या सह्यांचे गठ्ठे आहेत. पण सुकवलेला मासा रोवेनाच्या दाराला टांगला जातो. कॅरिबूची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या हरणाची, जीभ रोवेनाकडं जाते. माझ्या दाराशी लोक येतात ते कागद घेऊन, आणि निघताना म्हणतात, "बर्निस, जरा हळू बोलत जा गं."

आता त्या ट्रेलरचं सांगते.

गावातल्या पाच म्हाताऱ्या, त्यात माझी आई एफी, दर हिवाळ्याच्या तोंडाला नदीकाठच्या कॅम्पवर जायच्या. बर्फाखाली जाळं लावायचं, मासा कापायचा, पोरींना शिकवायचं. दोन वर्षं झाली, जाणं बंद पडलं. तंबूत त्यांचे गुडघे धरतात. आईनं मला एवढंच विचारलं होतं, "यंदा तरी होईल का?" मी विचारलं कुणाला? सगळ्यांना. एकोणीस पत्रं. शेवटी सरकारी खात्यानं जुना ट्रेलर द्यायचं कबूल केलं, तो रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, डॉसन गावातल्या एका आवारात उभा होता. तो फेरी बोट बंद व्हायच्या आत नदीच्या आमच्या बाजूला यायला हवा. बोट थांबली की बर्फाचा रस्ता तयार होईपर्यंत दीड-दोन महिने काही पलीकडून येत नाही, आणि कॅम्पचे दिवस तेवढेच.

गावसभेत मी पत्र वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या, नाही असं नाही. मग मागून कुणीतरी विचारलं, "पण आणणार कोण?" आणि माझ्या आईनं, माझ्या स्वतःच्या आईनं, बसल्या जागेवरून सांगितलं, "रोवेना आणेल की."

त्याला ज्या टाळ्या पडल्या त्या मी मोजल्या नाहीत, पण त्या थांबेपर्यंत मी माझा कागद घडी करून, परत उलगडून, परत घडी केला होता.

रोवेनानं सांगितलं, बुधवारी निघते, गुरुवारी जोडते, वाटेत पंपावर मुक्काम, शुक्रवारी संध्याकाळी नदीवर. ती ट्रेलर घेऊन पंचेचाळीसच्या वर जात नाही. दर पन्नास किलोमीटरला उतरते आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या भागावर, हबवर, तळहात ठेवते. गरम लागला तर बेअरिंग जातंय. मी याला म्हणायचे, रोवेना चाकांना आशीर्वाद देते.

मी मंगळवारीच निघाले. आईला सांगितलं, डॉसनला दाताच्या डॉक्टरकडं चाललेय.

बुधवारी सकाळी सहाला आवारात पोचले. तिथला म्हातारा जर्मन, यर्गन, हातात किल्ली घेऊन माझ्या मागं बघत राहिला.

"रोवेना कुठंय?"

"मी नेतेय."

"तुला तिनं पाठवलं?"

"मला पत्रानं पाठवलं. वर नाव कुणाचं आहे वाच."

त्यानं वाचलं. "बरं. पण रोवेना पुढची छताची झडप उघडी ठेवते. बाकी सगळं बंद. मग वारा आत भरतो आणि धूळ शिरत नाही. टायरची हवाही थोडी..."

"यर्गनकाका, मी याच रस्त्यावर जन्मले."

"तेच म्हणतोय मी. इथं जन्मलेले फार जोरात चालवतात."

झडप मी बंद केली. हवा होती तेवढीच ठेवली. रोवेना करते म्हणून तर मुद्दामच.

यंदा बर्फ उशिरा होता, रस्ता कोरडा आणि गोठलेला, त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा. आमच्याकडं पोरगं सोळा वर्षांचं झालं की पहिली गोष्ट शिकतं: अशा रस्त्यावर हळू गेलास तर हाडं खिळखिळी होतील, ऐंशी-नव्वदला ने, चाकं लाटांच्या माथ्यावरून तरंगतात. खरंच तरंगतात. बाहेरचे लोक घाबरून चाळीसनं जातात आणि आम्ही त्यांना मागं टाकताना हात हलवतो. मी पंच्याऐंशीनं गेले. ट्रक लोण्यासारखा चालला होता. आरशात ट्रेलर सरळ दिसत होता. पण ट्रेलरची लहान चाकं तरंगत नाहीत, ती प्रत्येक लाट खातात. मागच्या खोलीचं काय होतंय ते पुढं बसलेल्याला कळतच नाही.

पंपावर पेट्रोल भरताना पंपवालीनं विचारलं, "रोवेना आत गेली का बाथरूमला?" मी पैसे टेकवले आणि निघाले.

आर्क्टिक वर्तुळाची पाटी मागं पडली. पुढं डोंगराच्या कडेनं रस्ता उघड्या पठारावर येतो, जिथं वारा कधीकधी मालट्रक आडवा करतो. तिथं मला जळका वास आला. वाटलं, बाहेरून येतोय. मग आरशात डाव्या चाकाजवळ धूर दिसला.

उतरले. हबकडं हात न्यायची गरजच नव्हती, धग वीतभरावरून लागत होती. चाक तिरकं झालं होतं. बेअरिंगचा भुगा. माझ्याकडं स्टेपनी दोन, जॅक, पाने, सगळं होतं. बेअरिंग नव्हतं. ट्रकात बेअरिंग कोण घेऊन फिरतं?

आमच्या रस्त्याची एक रीत आहे. उभी गाडी दिसली की कुणी पुढं जात नाही. भांडण असो, घाई असो, थांबायचं, विचारायचं. एरवी मला या रीतीचा अभिमान आहे. त्या दिवशी मला लांबून धुरळा दिसला आणि मी ट्रकमधून घाईनं शेगडी आणि किटली काढली. वाऱ्याच्या आडोशाला, बरोबर त्या चाकासमोर मांडली, आणि चहाला बसल्यासारखी बसले.

पहिले आले ते शिकारीला निघालेले दोन भाऊ.

"काय गं बर्निस, अडलीस?"

"नाही. चहा पितेय."

"इथं? एवढ्या वाऱ्यात?"

"मला वारा आवडतो."

ते एकमेकांकडं बघून परत गाडीकडं गेले. मी सुटले म्हटलं, तर ते आपापले कप घेऊन आले. चहा चाललाय म्हटल्यावर न थांबता कोण जाईल? मग किराण्याचा मालट्रक घेऊन डार्सी आला. त्यानं बिस्किटांचा खोका काढला. मग दोन बायका, अस्वलाच्या चरबीत तळलेल्या पुऱ्या घेऊन. तासाभरात त्या उजाड पठारावर माझ्याभोवती पाच माणसं बसली होती, आणि सगळ्यांना जळका वास येत होता, आणि एकानंही विचारलं नाही. आमच्याकडं माणूस सांगेपर्यंत वाट बघतात. हा छळ किती मोठा आहे हे छळलेल्यालाच कळतं.

डार्सी म्हणाला, "बरं, ऐकलंस का? नदीत वरच्या अंगानं बर्फाचे तुकडे उतरायला लागलेत. एल्डन आज संध्याकाळी सहाला बोट काढून घेतोय. शुक्रवार वगैरे काही नाही."

माझ्या हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. सव्वा वाजला होता.

"रोवेना येतेच आहे मागं," धाकट्या भावानं सांगितलं. "आम्ही तिला बोटीवर गाठलं होतं. पोचेलच एवढ्यात."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ते चहाला थांबले नव्हते. ती येईपर्यंत मला सोबत करत होते.

निळी टोपी दिसली. ती उतरली, ट्रेलरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. चक्कर मारली. हबजवळ हात नेला आणि मागं घेतला. मग आली आणि शेगडीजवळ उकिडवी बसली.

"चहा उरलाय?"

मी ओतला. तिनं सगळा प्यायला, एक पुरी खाल्ली, दुसरी अर्धी. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडण्यात माझा हात कुणी धरत नाही.

"मला विचारायचंस," ती शेवटी म्हणाली. "दिला असता तुला ओढायला."

"म्हणूनच विचारलं नाही."

"हं," म्हणाली आणि उठली. तिच्या ट्रकात ग्रीस लावून फडक्यात गुंडाळलेला आख्खा हब होता. भावांनी जॅक लावून ट्रेलर उचलला, डार्सीनं दिवा धरला, जरी भर दुपार होती. मी पाने देत होते. "चौदाचा," ती म्हणायची, मी द्यायचे. तिनं ठोकून काढलेले बेअरिंगचे तुकडे मी गोळा करून खिशात टाकत गेले, कुणाला दिसू नयेत म्हणून.

त्या वेळात एकदा मी ट्रेलरचं दार उघडलं. टेबलाचा पाय निखळून पलंगावर पडला होता. कपाटांची दोन दारं गेली होती. म्हाताऱ्यांसाठी बसवलेल्या लाकडाच्या चुलीचं धुराडं खाली आलं होतं, आणि सगळ्यावर बोटभर धूळ, करडी, मऊ. आईनं गुडघे पसरून बसायची जागा मी मनात ठरवून ठेवली होती, खिडकीजवळची. ती खिडकी तडकली होती. मी दार लावून घेतलं.

पावणेतीनला निघालो. ट्रेलर आता रोवेनाच्या ट्रकला. माझा ट्रक तिच्या मागं, तिच्या धुळीत. पंचेचाळीस. पन्नाससुद्धा नाही. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होते आणि मनात गणित करत होते: एकशे दहा किलोमीटर, सव्वापाचला नदी, पाऊण तास हातात. पोचतो.

दोन प्रांतांच्या सरहद्दीवरची खिंड चढलो आणि तिचे मागचे लाल दिवे लागले. ती थांबली. इंजिनही बंद केलं.

मी धावत तिच्या खिडकीशी गेले. "आता काय?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. डाव्या उतारावर कॅरिबू होते. वीस-पंचवीस, रस्त्यापासून दगड मारता येईल एवढ्या अंतरावर, उभे. मागं डोंगराच्या पाठीवर एक तपकिरी रेघ, ती हलत होती. हे पुढचे होते. पुढचे ज्या वाटेनं जातात त्या वाटेनं मागचे हजारो जातात. पुढच्यांना हुसकलं तर अख्खा कळप वाट बदलतो आणि गावाच्या हिवाळ्याचं मांस भलतीकडं जातं. आम्ही पुढच्यांवर गोळी झाडत नाही, त्यांच्यामधून गाडी घालत नाही.

"हळूच काढ बाजूनं," मी म्हणाले. "हॉर्न नको वाजवू."

"नाही."

"रोवेना, बोट सहाला बंद होतेय. पाच म्हाताऱ्या बसल्यात. तुझी मावशी बसलीय."

"पुढचे जाऊ देत."

"दोन वर्षं मी या डबड्यासाठी..."

"बर्नी," ती म्हणाली, आणि परत हनुवटी उचलली, या वेळी समोर. रस्त्याच्या कडेला बोर्ड होता. पुढच्यांना जाऊ द्या. आमच्या भाषेत वर, इंग्रजीत खाली. तो मी लावायला लावला होता. चारशे सह्या. आमची भाषा वर पाहिजे म्हणून मी एका साहेबाच्या टेबलावर बूट काढून ठेवला होता.

मी गप्प बसले. माझ्यासाठी हे सोपं नाही.

कॅरिबूंना कसलीही घाई नव्हती. एक मादी रस्त्यावर आली, खडी हुंगली, परत गेली. पाच वाजले. परत आली. पाच वीस. मी माझ्या ट्रकात जाऊन बसले आणि रेडिओ उचलला.

"एल्डन, बर्निस बोलतेय."

बोटीवरून आवाज आला, "मी इथं नाहीये असं समज."

"सहाला बंद करतोयस म्हणे."

"हुकूम आलाय."

"लेखी?"

"लेखी."

"वाचून दाखव."

"बर्निस, माझे हात ओले आहेत."

"पुसून वाच."

कागदाचा आवाज. "बर्फाची स्थिती पाहून, चालकाच्या निर्णयानुसार..."

"चालक कोण?"

"मी."

"मग सहा कुठं लिहिलंय?"

"कुठं नाही. सहाला मी जेवतो."

"बर्फ किती आहे?"

"काठाला आहे. मध्ये पाणी वाहतंय."

"मग सातला जेव. नाहीतर उद्यापासून रोज सकाळी मी तुझ्या दारात खुर्ची टाकून बसेन, आणि हिवाळाभर तुला दुसरं काम नाही हे मला माहीत आहे."

मग तो म्हणाला, "रोवेना आहे का तुझ्याबरोबर?"

"आहे."

"मग आधी सांगायचं ना बाई. थांबतो की."

मी रेडिओ ठेवला. आजही मला कळलेलं नाही तो कशानं थांबला, माझ्या खुर्चीनं की तिच्या नावानं. एल्डनला विचारलं तर तो म्हणतो, दोन्हीनं. हे उत्तर नाही.

साडेपाचच्या सुमाराला त्या मादीनं मनावर घेतलं आणि रस्ता ओलांडला. बाकीच्या तिच्या मागं गेल्या, पायांचे टकटक आवाज करत. शेवटचं पाडस दिसेनासं झाल्यावर रोवेनानं इंजिन सुरू केलं. तेव्हाही ती पंचेचाळीसनंच निघाली.

सातला पाच कमी असताना बोटीवर चढलो. बोटीच्या पोटाला बर्फ घासत होता. त्या हंगामातली ती शेवटची फेरी. आणि एक गोष्ट इथं नोंदवून ठेवते, कारण दुसरं कुणी नोंदवणार नाही: रोवेना ठरल्याप्रमाणं शुक्रवारी आली असती तर ट्रेलर पलीकडंच राहिला असता. मी चोरून आणला म्हणून तो आला. हे मी गावात निदान तीस जणांना सांगितलंय. ते मान हलवतात आणि विचारतात, रोवेनाकडं जादाचा हब कसा काय होता?

आमच्या काठावर निम्मं गाव उभं होतं. बोटीवरून निळी टोपी उतरली आणि लोकांनी हाका मारल्या. आई काठीवर रेलून सगळ्यांच्या पुढं.

"रोवेना, काही खाल्लंस का?"

"पुऱ्या खाल्ल्या, मावशी."

"पुऱ्या काय खाणं आहे. मासा उकडलाय." मग माझ्याकडं वळली. "दात काढला का?"

आई ट्रेलरपाशी गेली, दोन म्हाताऱ्यांनी तिला पायरीवर चढवलं आणि तिनं दार उघडलं. आतली धूळ तिच्या अंगावर आली. बराच वेळ ती दारातच उभी होती. टेबल, दारं, धुराडं, खिडकी, एकेक करून बघत होती.

रोवेना माझ्या शेजारी होती. ती घसा साफ करून म्हणाली, "रस्ता फार वाईट होता, मावशी. माझ्याकडून जरा..."

"तिच्याकडून नाही," मी म्हणाले. आवाज सभेतला निघाला, बोटीपर्यंत गेला असेल. "तिनं फक्त शेवटचे एकशे दहा ओढला. मोडला तो मी. पंच्याऐंशीनं आणला, झडप बंद ठेवली, बेअरिंग मी जाळलं. हे घ्या." आणि खिशातले तुकडे काढून दाखवले.

रोवेनानं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असेल मी प्रामाणिक झाले. प्रामाणिकपणाचा काही संबंध नव्हता. टाळ्या तिच्या, मासा तिचा, आई तिची, आणि आता दोषही तीच घेणार आणि त्याबद्दलही लोक तिला चांगली म्हणणार? चारशेतीस किलोमीटर माझे होते. ते मी कुणाला देणार नव्हते.

मागं कुणीतरी हसायला लागलं आणि कुणीतरी त्याला कोपर मारलं.

आईनं पायरीवरूनच हात लांब केला, कुणाच्या तरी गाडीतला झाडू मागून घेतला आणि माझ्याकडं धरला. "मग तू झाड."

मी आत गेले आणि झाडायला लागले. धूळ झाडूनं जात नव्हती, नुसती जागा बदलत होती. थोड्या वेळानं रोवेना दारात आली, हातात ओलं फडकं.

"खिडकीकडून सुरू करूया का?"

"हात लावायचा नाही."

"बर्नी, सकाळी त्यांना निघायचंय."

"निघतील. तू जाऊन मासा खा."

ती गेली नाही. पायरीवर बसली, आणि आईनं तिचं ताट तिथंच आणून दिलं. मी टेबलाचा पाय बसवत होते आणि त्या दोघींचं बोलणं ऐकत होते. आई तिला काटे काढून देत होती, छप्पन्न वर्षांच्या घोडीला. मग रोवेनानं काहीतरी सांगितलं, अगदी हळू, आणि आई खळखळून हसली. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, तर म्हणाली, काही नाही गं, आमचं आपलं.